सेतुत मावशीचं थडगं

सेतुत मावशीच्या आईचं थडगं शांतिसेनेने रंगवलं होतं. खाली निळं, वर पांढरं, आणि क्रूसाखाली काळ्या रंगात एक आकडा, त्यांच्या राहायच्या पत्र्याच्या डब्यांवर, टाक्यांवर आणि संडासांवर असायचा तसाच. रंग देणारा कप्तान चांगला माणूस होता, असं आमच्या वस्तीत, सावान मापूत, आजही म्हणतात. छावणीच्या कुंपणाआत कोणा बाईची आई पुरलेली आहे आणि ती बाई दर वर्षी फाटकाशी येऊन भांडते, हे त्याच्या कानावर गेलं, आणि मायदेशी परतायच्या आधी त्याने मान म्हणून थडग्याला रंग लावून दिला. मावशीने ते पाहिलं तेव्हा डोक्यावरची परातही खाली ठेवली नाही.

"माझ्या आईला भरती करून घेतलं ह्यांनी," एवढंच म्हणाली.

छावणी उठून कितीतरी वर्षं झाली, तरी तो रंग पुरता गेला नव्हता. सकाळी मी शाळेत शिकवायला निघाले की ती कोयत्याच्या पाठीने तो खरवडताना दिसायची. खालचा दगड दिसू लागला होता, पण निळा रंग फटींत जाऊन बसला होता.

ती जमीन म्हणजे नदीच्या वरच्या अंगाची रेताड पट्टी. तिथे मावशीची आई आहे, आजी आहे, आजीचा भाऊ आहे. जमिनीचे कागद आमच्यात फार थोड्यांकडे असतात. ज्याचे मेलेले जिथे, त्याची ती जमीन, एवढं लहान पोरालाही कळतं. पण राजधानीत कोणा गृहस्थाकडे त्या पट्टीचा कागद निघाला. त्याने ती कधी पाहिलेली नव्हती. त्याने ती शांतिसेनेच्या निळ्या टोप्यांना भाड्याने दिली, आणि एके दिवशी ट्रक आले आणि मावशीच्या भुईमुगावर खडी ओतून गेले.

मावशीचा धंदा माम्ब्याचा. भाजलेले शेंगदाणे आणि हिरवी मिरची एकत्र वाटून केलेला तो तेलकट गोळा पावावर लावून खातात, आणि तिचा माम्बा खाल्ला की डोळ्यांतून पाणी यायचं. शनिवारच्या बाजारात तिच्यापुढे गर्दी असे. शेंगदाणे स्वतःच्या जमिनीतले असत तोवर ती कोणाशी गोड बोलली नाही. जमीन गेल्यावर शेंगदाणे विकत घेऊ लागली, तरीही बोलली नाही.

दर काही महिन्यांनी छावणीतली तुकडी बदलायची. जुने जायचे, दुसऱ्याच कुठल्या देशाचे नवे यायचे, आणि मावशीला सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. मृतांच्या दिवशी ती थडग्यावर ठेवायला कॉफीचं भांडं आणि पाव घेऊन फाटकाशी उभी राहायची.

"आईला कॉफी द्यायची आहे."

शिपाई दुभाष्यामार्फत विचारायचा, "आई आत कामाला आहे का?"

"आत झोपली आहे."

"इथल्या कोणाला आत झोपायची परवानगी नाही."

"मग उठवून बाहेर काढा. मी थांबते."

कॉलऱ्याच्या वर्षी तिचा नवरा फिलोजेन गेला. सकाळी शेळी सोडायला गेला होता, संध्याकाळी त्याच्या अंगात पाण्याचा थेंब राहिला नव्हता. रोग नदीतून आला. नदीत कोणाच्या घाणीतून उतरला ते पुढे साऱ्या जगाला कळलं, आणि ते मान्य करायला निळ्या टोप्यांच्या वरच्या लोकांना कितीतरी वर्षं लागली. मावशीला त्याला आईच्या शेजारी पुरायचं होतं. ती फाटकाशी गेली. तिथला अधिकारी त्याच आठवड्यात बदलून आलेला. तो म्हणाला, वर विचारून सांगतो. वरून उत्तर यायच्या आत चुन्याच्या गोणी घेऊन सरकारी ट्रक आला, आणि फिलोजेन रस्त्याकडेच्या खड्ड्यात इतरांबरोबर गेला. त्या खड्ड्यावर आज गवत आहे. कोणत्या बाजूला तो आहे, हे कोणालाच सांगता येत नाही.

छावणी उठली तेव्हा त्यांनी दिवे नेले, डबे नेले, टाक्या नेल्या, कुंपणाची तारसुद्धा गुंडाळून नेली. खडी ठेवली. भुईमुगाच्या शेंगेला आत शिरायला मऊ माती लागते, खडीत ती शिरणार कशी? मावशी पाटीत खडी भरून नदीकाठी ओतू लागली. घर बांधणारे काही जण थोडी घेऊन गेले. असं करत अर्धी पट्टी मोकळी झाली आणि तीत भुईमूग उभा राहिला. उरलेली अर्धी, जिथे पूर्वी हेलिकॉप्टर उतरायचं, तशीच पांढरी आणि सपाट राहिली.

मग टोळ्यांचे बंदुकवाले आले. आधी राजधानीत होते, मग मोठ्या रस्त्यावर, आणि गेल्या वर्षी त्यांनी आमच्या खालचा पूल घेतला. तांदळाची गिरणी जाळली. पुलावरून जाणाऱ्याला हवं तर सोडायचे, हवं तर नाही. रेडिओ रोज सांगायचा की त्यांना हटवायला बाहेरून नवी फौज येणार आहे, अमुक देशाने वचन दिलं, तमुक देश विचार करतोय. आमच्या देशात बंदुका बनत नाहीत, त्या समुद्रावरून येतात. त्या कधी उशिरा आल्याचं मला आठवत नाही.

एका सकाळी सेर्विलिस मावशीच्या जात्याशी येऊन बसला. वस्तीने निवडून दिलेला कारभारी तो. मावशीने त्याच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलं होतं, म्हणून तो तिला 'कोमे' म्हणायचा आणि ती त्याला 'कोंपे'. ह्या नात्यात भांडायचं नसतं. माम्बा घ्यायला आलेले आम्ही चार-पाच जण तिथेच होतो.

"कोमे, नवी फौज येतेय. ह्या वेळी निळ्या टोप्या नाहीत, वेगळी माणसं आहेत."

"टोपीच्या रंगाबद्दल माझी तक्रार नव्हती, कोंपे."

"त्यांना सपाट जागा लागणार. हेलिकॉप्टर उतरायला."

"तुझं टक्कल दे."

आम्ही हसलो. सेर्विलिस नाही हसला. "पूल गेलाय. उद्या ते इथे आले, तर तुझा माम्बा खाऊन परत जाणार नाहीत."

"आणि तुझे मागचे पाहुणे काय खाऊन गेले? माझा नवरा खाऊन गेले."

"दर वेळी फिलोजेनला मध्ये आणू नकोस. माझाही भाऊ त्याच खड्ड्यात आहे."

"मग तुझ्या अंगणात उतरव हेलिकॉप्टर."

तो उठला. जाताना म्हणाला, "एकट्या बाईला एवढी जमीन लागते कशाला?" मावशी जातं फिरवत राहिली. पण हात थांबला तेव्हा वाटण सांडलेलं दिसलं.

त्याच आठवड्यात तिने ठरवलं की स्वतःचं थडगं बांधायचं. आमच्याकडे ह्यात नवल नाही, ज्याला जमतं तो जिवंतपणीच बांधून ठेवतो. पण तिने जागा निवडली ती खडीच्या बरोबर मध्यावर. मी म्हटलं, मावशी, आईच्या शेजारी का नाही?

"आई एका बाजूला होती म्हणून तिला कुंपणात घेतलं त्यांनी," ती म्हणाली. "मला वळसा घालून दाखवा म्हणावं."

पायाच्या खोदाईला तिने इर्जिक घातली. पहाटे शंख फुंकला. शंख झाला की कुदळ घेऊन जायचंच, शत्रूचा असला तरी, कारण उद्या आपला शंख वाजतो तेव्हा त्यालाही यावं लागतं. लोक आले. कुदळी घेऊन आले आणि खडीच्या कडेला, झाडाच्या सावलीत बसले. एकानेही खडीवर पाय ठेवला नाही. सेर्विलिस मध्ये बसला होता. इर्जिकीत गाणं असतं, आणि गाण्यात कंजूष मालकाची टिंगल असतेच, पण ती काम करता करता. त्या दिवशी काम नव्हतं, नुसतं गाणं होतं.

सेतुत बांधते दगडाचं घर,
आम्हाला दार नाही, छप्पर नाही वर.

मावशी एकटी खणत होती. टिकाव खडीवर आपटून ठिणगी उडायची आणि कडेला गाणं चालू. दुपारी तिने झाकण काढलं. मक्याचा घट्ट सांजा, घेवडा, वर खारवलेला मासा परतून घातलेला. सगळ्या वस्तीला पुरेल इतकं रांधलं होतं. ताटल्या मांडल्या आणि बायकांना नावाने हाक मारली. कोणाचा हात पुढे झाला नाही. इर्जिकीचं जेवण नाकारणं म्हणजे तोंडावर थुंकणं. मी ताटली घेतली, पण माझं एकटीचं खाणं तिने पाहिलंच नाही.

तिने ते भांडं दोन्ही हातांनी धरून ओढत डुकरांकडे नेलं आणि पालथं केलं. तळाशी लागलेलं पळीने खरवडलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"चांगल्या घरची आहेत," ती डुकरांकडे बघत म्हणाली. "वाढलेलं नाकारत नाहीत."

नदीपलीकडे तिचा भाचा मेसिद्ये गवंडी होता. तो नावेतून येऊन तिला हात देऊन गेला. तीन हात उंचीचं थडगं, सिमेंटचं, वर छोटा क्रूस, एका बाजूला पेटी आत सरकवायला चौकोनी तोंड. खडीच्या त्या मैदानात ते लांबून एखाद्या विसरून गेलेल्या खोलीसारखं दिसायचं.

गिलावा ओला होता तेव्हाच फौजेचा अधिकारी जागा बघायला आला. दोन गाड्या होत्या. एक साधी, दुसरी जाड पत्र्याची, बोटभर खिडक्यांची. कुठल्या तरी श्रीमंत देशाने स्वतःसाठी नवी घेतली होती, म्हणून जुनी इकडे दिली होती. खडीवर चढताना ती धापा टाकत थांबली आणि तिच्या नाकातून वाफ आली. अधिकाऱ्याची भाषा मला येते, म्हणून सेर्विलिसने मला शाळेतून उठवून आणलं होतं. त्याने नवा शर्ट घातला होता. तो हातवारे करून दाखवत होता, इथे हेलिकॉप्टर, इथे तंबू, तिथे पाणी, आणि मधल्या थडग्याकडे बघत नव्हता.

अधिकारी मात्र थेट तिथेच गेला. बोट लावलं. बोटाला सिमेंट लागलं. "कोणाचं?"

"माझं," मावशी म्हणाली.

मी सांगितलं. त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मला घाई नाही," मावशी म्हणाली. "त्याला विचार, त्याला आहे का?"

मी ते भाषांतर केलं नाही. सेर्विलिसला मात्र समजलं. त्याचा चेहरा काळवंडला. "हे दोन तासांत पाडून देतो म्हणावं साहेबांना," असं मला म्हणून तो गाडी ढकलायला माणसं बोलवायला गेला.

तो लांब गेल्यावर अधिकारी सावलीत टेकला. टोपी काढली. कपाळावर टोपीचा वळ होता. तो माझ्याशी हळू बोलला, पण मावशी समोरच होती आणि तिच्या नजरेने मला प्रत्येक वाक्य आमच्या भाषेत सांगायला लावलं.

"बाईंना सांगा, राहू दे ते. आम्ही इथे येणार नाही."

"थडग्यामुळे?" मी विचारलं.

"नाही हो. माणसंच नाहीत. जितकी कबूल झाली त्यातली थोडीच आली, ती राजधानीला पुरत नाहीत. पैसे देणाऱ्या देशांनी ह्या वर्षी स्वतःच्या फौजा वाढवायला घेतल्यात. त्यांना त्यांच्या सीमेवरच्या लढाईची भीती आहे. दुसऱ्याच्या गावातल्या शांततेसाठी आता कोणी खिशात हात घालत नाही. पुढच्या वर्षी आम्ही तरी असू की नाही, माहीत नाही."

"मग आलात कशाला?"

"जागा बघून या म्हणाले. जागा बघायला खर्च येत नाही."

मी सगळं सांगितलं. मावशीने गिलाव्यावरचा त्याच्या बोटाचा ठसा तळहाताने पुसला.

"म्हणजे ह्या जमिनीचा विचारच नाही केला कोणी?"

"नाही."

"सेर्विलिसला सांगू नकोस."

"का, मावशी?"

"सांगू नकोस म्हटलं ना."

माणसं आली, गाडी ढकलली, अधिकाऱ्याने सेर्विलिसशी हात मिळवला आणि कळवतो म्हणाला. कळवलं काहीच नाही. महिना गेला, रस्त्यावर धूळ उठली नाही. आणि वस्तीने जे समजायचं ते समजून घेतलं. ओलं थडगं बघून साहेब परत गेला. मधोमध थडगं असलेल्या जागेवर कोण छावणी घालेल?

शनिवारी बाजारात सेर्विलिसच्या बायकोने सगळ्यांसमोर विचारलं, "घालवलंस ना त्यांना?"

"घालवलं," मावशी म्हणाली. "तुझ्याकडचं कोणी घालवायचं असेल तर सांग."

मी तिच्या मागे उभी होते. परत येताना तिला म्हटलं, हे खोटं आहे, ह्याने तुझाच घात होईल. ती चालत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या वर्षांत माझं ऐकून कोणी कुठून गेलं नाही. एकदा तरी गेले असं म्हणू देत."

त्यानंतर तिच्यापुढे गर्दी झाली नाही. शेजारच्या बायकांनी आपल्या टोपल्या हातभर लांब सरकवल्या. तिची धर्मकन्या, सेर्विलिसची मुलगी, रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली. कोणी तरी तिच्या आईच्या थडग्यावर कोळशाने शिवी लिहिली. ती खरवडायला मावशीने कोयता घेतला नाही. शेंगा मात्र त्या वर्षी भरून आल्या. घ्यायला कोणी नव्हतं.

मग पुलावर दोघांना मारलं. दोघेही तांदळाची पोती नेत होते, एक सेर्विलिसचा पुतण्या, दुसरा मारी-ज्योवानचा भाऊ. मारी-ज्योवान माझ्याच शाळेत स्वयंपाक करते. दफन दुपारी झालं. तिथून लोक घरी गेले नाहीत. पांढऱ्या कपड्यांत, तसेच, पहारी घेऊन मावशीच्या जमिनीकडे निघाले. मी मागून धावले.

मावशी आपल्या थडग्यावर बसून शेंगा फोडत होती.

"ऊठ, कोमे," सेर्विलिस म्हणाला. त्याचा आवाज रडून घोगरा झाला होता.

"का? तुला पडायचंय?"

"मी आज पोराला पुरून आलोय. माझ्याशी तोंड चालवू नकोस. हे पाडतो आणि आजच साहेबाला फोन करतो, जागा मोकळी आहे म्हणून."

"कर की. फोन उचलतो का बघ."

"ऊठ, नाहीतर उचलून बाजूला ठेवीन."

"ठेव. बाप्तिस्म्याला तुझी लेक ह्याच हातांवर होती, ते आठव आणि ठेव."

तो पुढे झाला. मागून दोघे तिघे सरसावले. एकाने पहार उचलली आणि मावशी जागची हलली नाही. मी त्यांच्या मध्ये गेले. अधिकारी काय म्हणाला ते सगळं सांगितलं. माणसं नाहीत, पैसे नाहीत, देणाऱ्यांनी आपापल्या घरच्या तोफांना दिले. थडग्याशी त्याचा काही संबंध नाही. तो जागा बघायला आला, कारण बघायला खर्च येत नाही.

सेर्विलिसने माझ्याकडे पाहिलं. "कधीपासून माहीत आहे हे?"

"तो बोलला त्या दिवसापासून."

"आणि हिला?"

"तिलाही."

मारी-ज्योवान पुढे आली. तिने डोक्याचा रुमाल हातात पिळून धरला होता. "म्हणजे हे पाडलं तरी कोणी येणार नाही?"

"नाही."

"आणि नसतंच बांधलं तर?"

"तरीही नाही."

ती खाली बसली, खडीवरच. मावशी मला म्हणाली, "झालं समाधान? आत्तापर्यंत ह्यांना रागवायला मी होते. आता कोणावर रागवतील?" असा राग मी तिच्या डोळ्यांत पूर्वी पाहिला नव्हता, फाटकाशीसुद्धा.

पहार उचललेला माणूस तसाच उभा होता. त्याला काही तरी करायलाच हवं होतं. त्याने थडग्याच्या कोपऱ्यावर घाव घातला. कोणी त्याला थांबवलं नाही. दुसरा घातला, तिसरा घातला. कोपऱ्याचा तुकडा निघून खडीत पडला. मग तो दमला, आणि पहार दुसऱ्या कोणाला द्यावी म्हणून आजूबाजूला पाहू लागला. कोणी घेतली नाही.

सेर्विलिस थडग्याच्या दुसऱ्या टोकाला टेकला. मावशीपासून हातभर अंतरावर.

"मग आता इथे कोण येणार, कोमे?"

मावशीने मांडीवरची सालं आणि सिमेंटची धूळ झटकली.

"पुलावर आहेत ते," ती म्हणाली.